डाळ मिलमध्ये पांढरा उजेड आला तेव्हा

नातवंडांना वाटतं, आजी जन्मापासूनच म्हातारी आहे. तसं काही नाही. डाळ मिलमध्ये नवे एलईडी दिवे लागले तेव्हा मी चांगली तरणीताठी होते, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली. अंगात पुढारीपण एवढं की लग्नाच्या पंगतीत भाजी कमी पडली तरी तिथंही भाषण माझंच.

त्या दिव्यांनी माझी मैत्रीण आपा माझ्या शेजारून उठवली, असं मी पुष्कळ दिवस म्हणत फिरले. ते खरं नाही. दिवे चांगलेच होते. इतके चांगले होते की त्यांच्यात काही लपून राहीना, आणि आपाची नजर जात होती हे त्यांच्यामुळेच उघड्यावर आलं.

रिठदहून आम्ही काही बाया रोज ऑटोनं मिलवर जायचो. मिल वाशीमच्या रस्त्यावर, पत्र्याची, एवढी उंच की वर कबुतरांनी पिढ्यान्‌पिढ्यांचे संसार थाटलेले. तुरीची डाळ होऊन पुढं आली की आमचं काम सुरू व्हायचं. सुपात घ्यायची आणि काळे दाणे, सालाचे तुकडे, खडे वेचून टाकायचे. मशिनी होत्याच, पण चांगल्या मालावर शेवटचा हात बायांचा.

वर जुने मोठाले दिवे टांगलेले होते. त्यांचा उजेड पिवळा, आणि तोही धुळीतून गाळून खाली येणारा. त्या उजेडात सगळी डाळ हळद लागलेल्या नवरीसारखी दिसे. चांगली कोणती, डागी कोणती, कळायचं नाही. म्हणून आमची एक रीत पडली होती. सूप निवडून झालं की उठायचं, मिलच्या मोठ्या दारापाशी जायचं, उन्हात सूप धरायचं आणि नजरेतून सुटलेले काळे दाणे तिथं टिपायचे. दिवसभर दाराशी बायांची ही ये-जा. दिवाणजी ओरडायचा, "काय जत्रा लावली हाय का दारात?" आम्ही म्हणायचो, "मंग सूर्य आत आणून द्या."

आपा माझ्या शेजारी बसायची. वाशीम शहरातली, घरी गाद्या-रजया शिवायचा धंदा. माझ्याहून वयानं थोडी मोठी, म्हणून मी तिला आपा म्हणायची आणि ती मला वयनी. दाराशी जायची वेळ झाली की तिच्या एका हातात सूप असे आणि दुसऱ्या हातात माझ्या पदराचं टोक.

"सोड वं, फाटन ना लुगडं," मी म्हणायची.

"फाटलं तं घरी मशीन हाय, शिवून देईन."

"मंग सरळ रजईच करून दे त्याची."

"तुह्यासारखीची रजई कराले दोन लुगडे लागन, वयनी."

बाया हसायच्या. मला वाटायचं, केवढा जीव आहे हिचा माझ्यावर, चार पावलंसुद्धा माझ्याशिवाय चालत नाही. मी मान ताठ करून चालायची. काय डौल होता माझा! मागं एक बाई वाट चाचपडत येते आहे आणि पुढं ही येडी मिरवणुकीतल्या घोड्यावाणी.

आपा वाटेतल्या पोत्यांना धडकायची. शेजारी ठेवलेला चहाचा ग्लास लवंडायची. "मेले हे दिवे!" म्हणायची. आम्हीही तेच म्हणायचो. डोळे सगळ्यांचेच चुरचुरत होते, पाणी सगळ्यांच्याच डोळ्यांतून येत होतं. त्यात हिचं वेगळं काही आहे हे कोणाच्या ध्यानात येणार?

मग मी ठरवलं, मालकांशी बोलायचं. पुतणीच्या लग्नात घेतलेली साडी नेसले. भाषण पाठ केलं. ऑफिसात मालकांपुढं उभी राहून सांगितलं की उजेड हा कष्टकरी बाईचा हक्क आहे, आमचे डोळे म्हणजेच तुमच्या डाळीचे डोळे आहेत, आणि अजून पुष्कळ. मधे एकदा श्वास चुकला म्हणून थांबले. आपा मागून म्हणाली, "बोल वयनी, बोल." बोलले.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "बाई, दिव्यायची ऑर्डर परवाच देली मी. लाईटचं बिल परवडत नाई."

ही गोष्ट मी गावात कधी सांगितली नाही. पुढं वर्षभर रिठदमध्ये ज्यानं-ज्यानं विचारलं त्याला मी हेच सांगितलं की मालकाला वठणीवर आणलं. आपाला खरं माहीत होतं. तीही सांगायची, "वयनीनं आणले दिवे." तिच्यासाठी खोटं बोलायची माझ्यावर वेळ आली, ती पुढं.

नवे दिवे लागले तो दिवस मला ताजा आहे. जुन्यांचे नखरे फार होते. लाईन जाऊन परत आली तरी ते लगेच लागत नसत. आधी थंड व्हायचे, मग रुसलेल्या जावयासारखे हळूहळू लाल, मग पिवळे. तोवर आम्ही बाहेर चिंचेखाली बसून घ्यायचो. नव्यांचं तसं नव्हतं. वायरमननं बटण दाबलं आणि सगळी मिल एका क्षणात पांढरी झाली. कोपऱ्यातली जळमटं दिसली. दिवाणजीच्या केसांचा कलप दिसला. आणि सुपातली डाळ पहिल्यांदा बसल्या जागी डाळीच्या रंगाची दिसली. काळा दाणा तिच्यात दुधात माशी पडावी तसा.

"माशाल्ला!" आपा सगळ्यांत मोठ्यानं ओरडली. "काय उजीड पडला बाप्पा!"

मी तिच्याकडं पाहिलं. तिनं तोंड वर केलं होतं, पण दिवा नव्हता त्या बाजूला, दोन दिव्यांमधल्या पत्र्याकडं. मला वाटलं, उजेडानं दिपली असेल.

दिव्यांचे गुण आजही मी कोणालाही सांगीन. डोक्यावरचा ताप गेला. उन्हाळ्यात दुपारी अंगाची काहिली व्हायची, ती निम्म्यानं कमी झाली. वायरमनला चालू मशिनीवर शिडी लावून जीव टांगायचं काम उरलं नाही. तो बिचारा बसून कंटाळायला लागला. मालकांचं बिल उतरलं आणि त्यांच्या कपाळावरची आठीही. बायांचे डोळे चुरचुरायचे थांबले. संध्याकाळी घरी गेल्यावर सुईत दोरा ओवता यायला लागला. फक्त लाईन गेल्यावरची चिंचेखालची बैठक बंद झाली, कारण लाईन आली की दिवे पापणी लवायच्या आत हजर. त्याबद्दल मात्र आम्ही त्यांना शिव्या दिल्या.

आणि दाराशी जायची रीत मोडली. कोणाला गरजच राहिली नाही. कोणी न सांगता महिन्याभरात ती ये-जा थांबली.

एकटी आपा जायची.

"आपा, आता कायले जातं दाराशी?" एखादी विचारायची.

"सवय हाय बाप्पा. पाय मोकये होते."

मी उठत नव्हते. माझं सूप जागेवरच स्वच्छ व्हायचं, मग कशाला उठायचं? एक दिवस ती तशीच एकटी निघाली आणि वाटेत ठेवलेल्या पोत्यावर जाऊन पालथी पडली. सूप लांब उडालं, डाळ सगळीकडं. पोतं काही सुईएवढं नव्हतं. आणि उजेड असा की जमिनीवरची मुंगी दिसावी. तिला उठवायला बाया धावल्या. त्यांनी एकमेकींकडं पाहिलं. आता दिव्याला बोल लावायची सोय उरली नव्हती.

आपा कपडे झटकत म्हणाली, "चप्पल निसटली."

तिच्या पायात चप्पल नव्हती. मिलमध्ये आम्ही सगळ्या अनवाणीच बसायचो.

त्याच सुमारास दिवाणजी सुपं तपासायला लागला. आधी पिवळ्या उजेडात प्रत्येकीच्या सुपात चार-दोन काळे दाणे सापडायचे, त्यामुळं कोणीच गुन्हेगार नव्हती. आता सगळ्यांची सुपं साफ, आणि आपाच्या सुपात काळं तसंच. दिवाणजी वाईट माणूस नव्हता. तो तिला म्हणाला, "आपा, जरा ध्यान द्या." दुसऱ्यांदाही तेच म्हणाला. तिसऱ्यांदा नुसता उभा राहिला. ते जास्त वाईट होतं.

मग मी माझी हुशारी काढली. आपा पाणी प्यायला उठली की तिचं सूप ओढून भराभरा निवडून ठेवायची. दिवाणजीनं विचारलं तर सांगायची, "आपाचंच हाय, तिनंच निवडलं." मला वाटायचं, कोणाला कळत नाही. कोणाला म्हणजे आपाला. आंधळी तर मीच होते.

एकदा मी तिच्या सुपात हात घातलेला असतानाच ती येऊन बसली. तिनं सुपावर हात ठेवला, तो माझ्या मनगटावर पडला.

"हा हात कोनाचा हाय?"

"माहा."

"काहून?"

"असाच. माहं झालं होतं निवडून."

तिनं मनगट सोडलं नाही.

"वयनी," ती हळूच म्हणाली, "सूप साफ करशीन. मंग घरी येऊन माह्या भाकरीतला खडा पन काढशीन का?"

मी दुसऱ्या हातानं सूप तिच्यापुढं सरकवलं. भाषणं पाठ करणारी बाई मी!

"काय दिसते तुले?" मी विचारलं.

"समोरचं दिसते. तुहं नाक दिसते. बाजूचं काईच नाई. नळीतून पाह्यल्यावानी."

"कधीपासून?"

"दिवे खराब होते ना वं," ती म्हणाली, आणि माझं मनगट सोडलं.

तिचा मुलगा आणि मी तिला अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेलो. मशिनीपुढं हनुवटी टेकवून बसवलं, ठिपका दिसला की बटण दाबा म्हणाले. मी बाजूला उभी राहून पाहत होते. ठिपके येत होते आणि आपाचा अंगठा बटणावर तसाच स्थिर. मला वाटत होतं, आपणच जाऊन दाबावं.

डॉक्टर तरुण होता. त्यानं सांगितलं, काचबिंदू आहे. हा दुखत नाही, ओरडत नाही, गुपचूप बाजूबाजूनं नजर खात येतो. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांनी सांभाळायची.

आपानं विचारलं, "आधी आली असती तं?"

डॉक्टर चिठ्ठीवर औषध लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, "जास्त वाचली असती, मावशी."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. अर्ध्या वाटेवर म्हणाली, "पाह्य, त्या जुन्या दिव्यायले आपन फुकटच शिव्या देल्या." आणि हसली. मीही हसले. हसू संपलं तेव्हा मी तोंड दुसरीकडं फिरवलं. फिरवायची गरज नव्हती. मी तिच्या बाजूला होते, आणि बाजूचं तिला दिसत नव्हतं.

तिनं काम सोडलं. दिवाणजीनं काढलं नाही, तिनंच सोडलं. थेंब नेमानं टाकत होती, तरी नळी बारीक होत गेली. मी कधीमधी तिच्या घरी जायची. आधी ती दारातच ओळखायची, मग आवाजावर ओळखायला लागली. तिच्या जागेवर मिलमध्ये नवी पोरगी बसली. चलाख हाताची होती. मी तिच्याशी महिनाभर धड बोलले नाही; तिचा काय दोष होता, पण माझा स्वभाव तो असा.

एका संक्रांतीनंतर आपा मिलमध्ये बायांना भेटायला आली. मुलानं गाडीवर आणली. नवी पोरगी न सांगता उठली आणि आपा आपल्या जागेवर बसली. मी तिच्या मांडीवर सूप ठेवलं. तिनं डाळीत बोटं घातली, थोडी डाळ ओंजळीत घेतली, वास घेतला.

"नवी तूर हाय ही."

"हो."

मग तिनं तोंड वर केलं. "दिवे लागले हायेत का, वयनी?"

सगळी मिल लख्ख होती. भर पांढऱ्या उजेडात तिच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती मला मोजता आली असती.

"लागले हायेत," मी म्हणाले.

"समजतच नाई. जुने कसे डोक्यावर तापत. आता ना ताप, ना काही." तिनं डाळ सुपात सोडली. "चांगले हायेत ना पन?"

"लय चांगले हायेत."

"तूच आणले," ती म्हणाली, आणि बाया हसल्या. मी दिवाणजीकडं पाहत राहिले, कारण तिच्याकडं पाहवेना.

निघताना मुलानं तिला गाडीवर मागं बसवलं. मी फाटकापर्यंत गेले. ती म्हणाली, "जाय तू आत, काम पडलं हाय तुहं." मी म्हणाले, "जाते," आणि गेले नाही. फाटकाच्या डाव्या खांबाशी उभी राहिले.

गाडी सुरू झाली. आपानं हात वर केला आणि उजव्या खांबाकडं, जिथं कोणीच नव्हतं तिकडं, हसत हसत हलवायला लागली.

मी त्या वयात, त्या अंगानं, धावत उजव्या खांबाशी गेले. तिथं उभी राहिले आणि गाडी रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत हात हलवत राहिले.