धाकटीची गाडी, माझी गाडी

सासूबाईंना आम्ही दोघी जावा आत्या म्हणतो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आत्या माझ्याजवळच आहेत, आता जुन्या पुणे नाक्याकडच्या फ्लॅटमध्ये. धाकटा दीर आणि जाऊ जुळे सोलापुरात राहतात. आत्यांच्या गोळ्या मी देते, डोक्याला तेल मी लावते, आणि सांगोल्याकडच्या माहेरच्या मेंढरांच्या गोष्टी वर्षानुवर्षं मीच ऐकत आले. त्या गोष्टी मला पाठ होत्या. पण त्या ऐकायला दुसरं कुणी नाही, हे मला मनातून आवडायचं.

मग धाकटीनं गाडी घेतली आणि ती स्वतः चालवायला शिकली.

दर रविवारी सकाळी खालून हॉर्न वाजायचा. त्याच्या कितीतरी आधी आत्या इरकल नेसून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन खुर्चीत बसलेल्या असायच्या. गुडघ्यांमुळे त्यांना स्कूटरवर बसता येत नाही आणि रिक्षात हादरे बसतात, म्हणून आठवडाभर त्या घरातच. रविवारी मात्र कधी देवदर्शन, कधी हुरडा खायला कुणाच्या रानात, आणि महिन्यातून एकदा उजनीच्या काठावर, त्यांच्या धाकट्या बहिणीकडे, आमच्या मावशींकडे. संध्याकाळी त्या परत यायच्या त्या बोलतच. धाकटीनं एसी लावला, धाकटीनं मोहोळला थांबून रस पाजला, धाकटीनं ट्रकला मागं टाकलं. मी "हो का" म्हणत भाकरी थापायची. एकदा इतक्या जोरात थापली की परातीतच फाटली.

मला कधी बोलावलं नाही असं नाही. धाकटी दर वेळी विचारायची, "ताई, चला ना." पण मागच्या सीटवर बसून त्या दोघींच्या गप्पा ऐकण्यापेक्षा घरात कपडे धुतलेले बरे, असं मला वाटायचं. मी काहीतरी काम पुढं करायची.

त्यातूनच मी गाडी शिकले. सकाळी फिरायला जाते असं सांगून ड्रायव्हिंग क्लासला जायची आणि मग घरी येऊन कॉलेजच्या ऑफिसात कामाला. फक्त नवऱ्याला माहीत होतं. लायसन्स आल्यावर मी जुन्या गाड्या बघायला लागले, कारण नवी घेण्याची आमची ऐपत नव्हती. ऑफिसातल्या एका सरांनी सांगितलं की सात रस्त्याजवळ त्यांच्या ओळखीच्या माणसाचं जुन्या गाड्यांचं दुकान आहे, आणि तिथं एक पांढरी डिझेल गाडी फार स्वस्तात आहे. आधी ती औषधं विकत गावोगाव फिरणाऱ्या माणसाकडे होती. दोन लाख किलोमीटरच्या वर चाललेली. मोबाईलवर फोटो बघितला आणि मला ती आवडली. खरं सांगायचं तर मला तिच्यातली पुढची डावी सीट आवडली.

नवरा चिंचोळी एमआयडीसीतून ड्युटी करून आला तेव्हा मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, चालवणार तू, तर ठरवही तूच, पण इतकी चाललेली गाडी आहे, कळणाऱ्या माणसाला दाखव. मी काही म्हणायच्या आत त्यांनी धाकटीला फोन लावला. ती लगेच हो म्हणाली. मी पातेलं आपटलं, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी दुपारी धाकटी आली. आत्यांनी चप्पल घातली.

"मी बी येते की," त्या म्हणाल्या. "घरात बसून तरी काय करू?"

असं आम्ही तिघी सात रस्त्याला पोचलो. दुकानदार साधा माणूस होता. गाडी कशी आहे ते त्यानं लपवलं नाही. इतकी चालली आहे म्हणूनच स्वस्त आहे, म्हणाला, आणि किल्ली धाकटीच्या हातात दिली. मी पुढं हात केला होता. तो मी पदर सावरायला नेला.

आत्या सवयीनं पुढं बसल्या. मी, जिची गाडी व्हायची होती ती, मागं. होटगी रोडला लागेपर्यंत आत्यांच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. लांडगा आला होता त्या रात्रीची गोष्ट, मेंढरं वाघरीच्या जाळीतून बाहेर उधळली ती. मी ती कितीदा ऐकली होती. पण त्या रात्री आत्या घाबरून रडल्या होत्या आणि वडलांनी त्यांना घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घेतलं होतं, हे मला माहीत नव्हतं. धाकटी मात्र म्हणाली, "हो, आणि मग तुम्ही तिथंच झोपलात." तिला ते आधीच सांगितलेलं होतं.

मी खिडकीची काच खाली करायला गेले, तर ती अर्ध्यावर अडकली.

आसऱ्याच्या पुलापाशी धाकटीनं गाडी कडेला घेतली. क्लच फार जड आहे, गाडी डावीकडे ओढते आहे, असं तिनं सांगितलं. मग आरशातून माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, ही नका घेऊ."

"मी चालवून बघते," मी म्हणाले.

धाकटी उतरून मागं गेली. आत्या पुढंच राहिल्या, त्यांना उतरायचं म्हणजे गुडघ्यांचा त्रास. पुलावर चढताना पुढं बस थांबली, मी थांबले, आणि पुन्हा निघताना गाडी मागं घसरायला लागली. मागच्यांनी हॉर्नचा गोंगाट केला. आत्यांनी दोन्ही हातांनी समोरचा डॅशबोर्ड घट्ट धरला. मागून धाकटी हळू आवाजात सांगत होती, ब्रेकवरचा पाय काढू नका, हँडब्रेक ओढा, आता क्लच थोडा सोडा, आता हँडब्रेक सोडा. मी तिचं ऐकलं आणि गाडी चढली. तिचं ऐकावं लागलं याचाच मला जास्त राग आला.

दुकानात परत आल्यावर आत्यांना खुर्ची मिळाली, चहा मिळाला. मी धाकटीला गाडीच्या मागच्या बाजूला नेलं.

"खरं सांग," मी म्हणाले, "गाडी वाईट आहे म्हणून नको म्हणतेस, की मी घ्यायला नको म्हणून?"

ती रागावेल असं मला वाटलं होतं. तिनं चपलेच्या टोकानं टायर दाबून बघितला.

"क्लच गेलाय, ते खरं आहे," ती म्हणाली. "पण गाडी चांगली असती तरी मी नकोच म्हणाले असते."

"का?"

"तुमच्याकडे त्या रोज असतात, ताई. सकाळी उठल्यापासून. आमच्याकडे एक रात्र राहा म्हटलं तरी त्यांना झोप लागत नाही, थोरलीच्या हातची भाकरी पाहिजे म्हणतात. मला एक रविवार मिळतो. तुम्ही गाडी घेतलीत तर तोही तुमचाच."

इतकी वर्षं मी तिच्या रविवारावर जळत होते, आणि ती माझ्या सोमवार ते शनिवारावर. तिची कीव आली असती तर बरं झालं असतं. मला आला तो आनंद. थोरलीच्या हातची भाकरी, हे तीन शब्द मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते.

रविवारी रात्री धाकटीचा मेसेज आला, तिच्या ओळखीच्या एका मेकॅनिकचा पत्ता. खाली लिहिलं होतं, त्यांच्याकडून तपासून घ्या, मग ठरवा. सोमवारी ऑफिस सुटल्यावर मी दुकानदाराला सोबत घेऊन गाडी तिथं नेली. मेकॅनिक म्हणाला की क्लच आणि पुढचे दोन टायर बदलायला लागतील, इंजिन मात्र अजून चालेल, मागच्या मालकानं ते वेळच्या वेळी बघितलेलं दिसतं. दुकानदार क्लच बदलून द्यायला तयार झाला. टायरचं मी बघते म्हणाले. मला अजूनही भीती होती. इतकी चाललेली गाडी कधी कुठं बंद पडेल, सांगता येत नाही. पण नको म्हणायला आता कारण उरलं नव्हतं, आणि मनात जी जळजळ उरली होती तिला गाडी पाहिजेच होती. मी घेतली.

धाकटीला फोन करून सांगितलं. ती "अभिनंदन" म्हणाली. मी तिला सांगितलं की रविवारी मी आत्यांना कुठं नेणार नाही, रविवार तुझाच. हे मी मोठ्या मनानं केलं असं नवऱ्याला वाटलं. तसं नव्हतं. रविवारी तिच्याशी बरोबरी करावी लागली असती. मला शनिवार नुसता माझा पाहिजे होता.

पहिल्या शनिवारी मी आत्यांना उजनीच्या काठी, मावशींकडे घेऊन निघाले. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं, हळूहळू. मी वाट बघत होते की आता त्या बोलतील. मी स्वतःच लांडग्याचा विषय काढला. त्या "व्हय" म्हणाल्या, आणि मोहोळ यायच्या आत त्यांची मान खिडकीकडे कलली. त्या झोपल्या. थेट टेंभुर्णीपर्यंत मी एकटी गाडी चालवत होते. माझ्या बाजूला झोपलेल्या बाईवर मला इतका राग आला की हसूही आलं नाही.

मावशी दारात आल्या. गाडीला चहूबाजूंनी बघितलं आणि पहिलं विचारलं, "धाकटी न्हाय आली?"

जेवण झालं. निघताना त्यांनी डिकीत केळीचा घड ठेवला आणि एक फणी वेगळी काढून धाकटीसाठी दिली. ती मीच नीट पिशवीत घातली.

परतीच्या वाटेवर आत्या जाग्या होत्या. मी शेवटी विचारलंच, धाकटीच्या गाडीत तुम्ही बोलत असता, माझ्या गाडीत गप्प का?

"ती लई पळवती," आत्या म्हणाल्या. "भ्या वाटतं. बोलत ऱ्हायलं की समोर ध्यान जात न्हाय. तुझ्या गाडीत भ्या न्हाय, मग डोळा लागतो."

पुढचे काही मैल मी खुशीत होते. स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरला असेल बहुतेक. मग चिंचोळीच्या अलीकडे मनात आलं, हेच धाकटीनं विचारलं तर आत्या तिला काय सांगत असतील? थोरली गाडी रांगवती, बसून बसून झोप येती, असंही सांगत असतील. मी तिरक्या नजरेनं त्यांच्याकडे बघितलं. त्या पुन्हा पेंगत होत्या, चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. खाली हॉर्न वाजला. मी आत्यांचा हात धरून त्यांना खाली नेलं, पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि केळीची पिशवी धाकटीच्या हातात दिली. ती म्हणाली, "ताई, चला ना." मी म्हणाले, आज नाही, गाडी धुवायची आहे. ती माझ्या पांढऱ्या गाडीकडे बघून म्हणाली की नवे टायर छान दिसतात. त्या दोघी निघाल्या, आणि गाडी वळणावर जायच्या आत आत्यांचा हात हवेत हलायला लागला. काहीतरी सांगायला सुरुवात झाली होती. मी बादली भरली.