तिकडे किती वाजले?

दर मंगळवारी दुपारी एक वाजता फिनलंडमधल्या कुह्मो गावच्या ग्रंथालयातल्या मागच्या खोलीत इंग्रजीचा वर्ग भरायचा. विद्यार्थी सात, सगळे साठी ओलांडलेले. शिक्षिका आन्नुक्का तेवढी तिशीतली. सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यांत मागच्या खुर्चीवर बसायची ती हिल्का टेर्वोनेन, वय वर्षं एकाहत्तर. बाहेर उणे तीस असो, बर्फ गुडघाभर असो, बाई हजर. वर्षभरात तिने एकही मंगळवार चुकवला नव्हता.

त्या दिवशी आन्नुक्काने फळ्यावर एकटेपणाचे आणि सोबतीचे शब्द लिहिले. एकाकी वाटणं. कुणाची आठवण येणं. संपर्कात राहणं. जवळचं माणूस. हिल्काने एकेक शब्द छोट्या कार्डावर उतरवून घेतला.

"हे शब्द आम्हाला कशाला गं?" रेइनो म्हणाला. चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस, तोंडाचा फटकळ. "हे आम्ही फिनिशमध्येसुद्धा कधी वापरले नाहीत!"

सगळे हसले. हिल्काही हसली.

"म्हणूनच गृहपाठ देतेय," आन्नुक्का म्हणाली. "पुढच्या मंगळवारपर्यंत यातला एक तरी शब्द एका जिवंत माणसाशी बोलायचा."

"कुत्रा चालेल का?"

"नाही रेइनो. माणूस."

हिल्काला तो माणूस शोधायची गरजच नव्हती. तिचा मुलगा इलारी स्कॉटलंडला जहाजांच्या इंजिनांवर काम करायचा. तिथेच त्याने मोरॅगशी लग्न केलं आणि इश्बेल झाली. दर रविवारी फोन यायचा. मोरॅग इंग्रजीत बोलायची, हिल्का फिनिशमध्ये, आणि मधे इलारी दोघींचं एकमेकींना सांगायचा, थोडा पदरचा मीठमसाला घालून. दोन वर्षांपूर्वी तो गेला. मधला माणूसच गेल्यावर दोघींच्या हाती दोन टोकं राहिली. नाताळला एक फोन, इश्बेलच्या वाढदिवसाला एक. ठीक आहात ना, ठीक आहे, बाय. आणि गेल्याच आठवड्यात मोरॅगची चिठ्ठी आली होती. हिल्काने शब्दकोश घेऊन ती चार वेळा वाचली. या उन्हाळ्यात आम्ही तुम्हाला त्रास द्यायला येत नाही, असं तीत लिहिलं होतं.

म्हणजे संपलं, असं हिल्काला वाटलं. आता काही केलं नाही तर नात आपल्याला फोटोतच मोठी झालेली दिसेल. फोन करायचा तर या आठवड्यातच.

पण फोन करायचा कशासाठी? आमच्याकडे कामाशिवाय फोन करत नाहीत. फोन उचलणारा पहिला प्रश्न विचारतो तो, काय काम होतं? काम नसताना दुसऱ्याचा वेळ खाणं म्हणजे निर्लज्जपणाच. माणसाला त्रास न देणं हेच आमचं प्रेम, आणि या प्रेमापायी आमच्यातली किती माणसं झुरून गेली, त्याची नोंद कुणीच ठेवलेली नाही.

हिल्काला मात्र त्यातली काही माहीत होती. तरुणपणी ती गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. एक्स्चेंज, गावाच्या तोंडी सेंट्रल, म्हणजे काय, पोस्टामागची एक खोली, भिंतीला बोर्ड, बोर्डावर ब्याऐंशी भोकं आणि फोन जोडायच्या वायरींचा गुंता. ती खोली आठवली की हिल्काला आजही कॉफीचा, तापलेल्या शेगडीचा आणि ओल्या लोकरीच्या हातमोज्यांचा वास येतो. सकाळी दुधाच्या डेअरीचा फोन, मग दुकानाचा, मग नर्सबाईंचा. नाताळच्या आदल्या दिवशी तर हात चार असते तरी पुरले नसते. स्वीडनला गेलेली सगळी पोरं एकदमच आयांना फोन करायची. बोलणं लांबलं की हिल्का मधे तोंड घालून विचारायची, "अजून बोलताय का?" उत्तर आलं नाही तर वायर काढायची. कोण कुणाशी काय बोललं ते बाहेर सांगायचं नाही, अशी शपथ घेतली होती, आणि ती तिने पाळली. काय दिवस होते ते! सगळं गाव तिच्या दहा बोटांतून एकमेकांशी बोलत होतं.

रोज संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी तळ्यापलीकडच्या विल्होचा फोन यायचा. लाकूडतोड्या, लग्न न झालेला, शेजारी कुणी नाही.

"सेंट्रल, किती वाजले?"

"पाच वाजून दहा, विल्हो. आणि बाहेर उणे अठरा."

"बरं."

"आणखी काही?"

"छे! वेळच हवी होती."

पण तो फोन ठेवायचा नाही. हिल्काही वायर काढायची नाही. दोघं मिनिटभर तशीच गप्प बसायची, आणि मग विल्हो घसा खाकरून "चला" म्हणायचा. अशी अकरा वर्षं गेली. विल्हो वारला तेव्हा दफनानंतरच्या कॉफीला त्याच्या घरी सगळं गाव जमलं. तिथे भिंतीवर एक मोठं घड्याळ टिकटिक करत होतं. शेजारी कपाटावर दुसरं. दोन्ही बरोबर चालत होती, मिनिटाचाही फरक नव्हता. हिल्का त्या घड्याळांपुढे उभी राहून ढसाढसा रडली. कामाशिवाय फोन कर रे बाबा, एवढं एक वाक्य अकरा वर्षांत तिला सुचलं नव्हतं. ही गोष्ट तिने पुढे एकट्या इलारीला सांगितली, तो लहान असताना, झोपवताना. त्याला ती इतकी आवडायची की तो पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा.

शनिवारी दुपारी चारला तिने सगळी कार्डं स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडली आणि नंबर फिरवला.

"हॅलो? हिल्का? काय झालं? बरं आहे ना सगळं?" मोरॅग घाबरलेली होती. नाताळ नाही, वाढदिवस नाही, आणि फोन!

हिल्काने कार्डांकडे पाहिलं. अक्षरं दिसत होती, पण त्यांचे शब्द जुळेनात. वर्षभर घोकलेलं सगळं इंग्रजी पार उडालं. काहीतरी काम सांगायलाच हवं होतं. आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"मोरॅग, तिकडे किती वाजले?"

पलीकडे शांतता. हिल्काच्या कानांनी आयुष्यात हजार तऱ्हेच्या शांतता ऐकल्या होत्या, पण ही तिला ओळखता येईना. वायर निघाली की काय, असं तिला वाटलं.

"हिल्का," मोरॅग अगदी हळू, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "तुमच्या घरात घड्याळ आहे?"

"आहे."

"चालतंय?"

"चालतंय."

मोरॅग हुंदके द्यायला लागली. "इलारीने सांगितलं होतं मला. तळ्यापलीकडचा तो म्हातारा. इश्बेललाही सांगायचा, झोपताना."

आता हिल्काला कार्ड पाहावं लागलं नाही. "मला तुमची आठवण येते," ती इंग्रजीत म्हणाली. "तुझी. इश्बेलची. रोज. मी एकटी. खूप."

"मग बोलला का नाहीत? मला वाटलं, मला पाहून तुम्हाला तो आठवत असेल. तुम्हाला त्रास होत असेल."

"मला वाटलं, तुला त्रास."

यावर दोघीही बोलल्या नाहीत, आणि फोनही कुणी ठेवला नाही. दोन वर्षं दोघींनी एकमेकींना त्रास न देण्याची पराकाष्ठा केली होती. हिल्काला स्वतःचा राग आला, हसूही आलं, आणि नाक पुसायला रुमाल सापडेना म्हणून तिने ताटं पुसायचं फडकं घेतलं. त्या संध्याकाळी सॉनाच्या वाफेत ती एकटीच बसली होती, तरी तिने मोठ्याने विल्होची माफी मागितली.

रविवारी ती कॉफी गाळत होती तेव्हा फोन वाजला. पलीकडे सहा वर्षांची इश्बेल होती. आजीला फिनिशमध्ये मुम्मो म्हणतात, एवढा एकच शब्द तिला बापाकडून मिळालेला.

"मुम्मो, तिकडे किती वाजले?"

हिल्काने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पाठ ताठ करून बसली, बोर्डापुढे बसायची तशी. "पाच वाजून दहा मिनिटं," ती जमेल तशा इंग्रजीत म्हणाली. "आणि बाहेर उणे बारा. आणखी काही?"

"हो," इश्बेल म्हणाली. "खूप आहे."