अक्का आधी जेवायला यायच्या

सुशीलाक्का वकील वकीलपत्रावर सही घेण्याआधी अशिलाच्या घरी जेवायला यायच्या. आमंत्रणही स्वतःच द्यायच्या. "तम्मा, उद्या दुपारी येते. भाकरी आणि एखादी पालेभाजी पुरं. लसूण कमी." कोल्हापुरात मंगळवार पेठेत त्यांचं एका खोलीचं ऑफिस होतं. कोर्टात त्या इतरही कामं करत, पण ज्याचं दिवाळं निघालंय अशा माणसाला लोक त्यांच्याचकडं पाठवत. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळं बोलण्यात कन्नड मिसळलेलं. समोरचा पुरुष सत्तरीचा असला तरी त्यांच्या लेखी तो 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊच.

मी हुपरीचा. घरातच पैंजण करायचं काम. जुन्या दरानं एक मोठी ऑर्डर घेतली आणि चांदी चढली. ऑर्डर पुरी करायला कर्ज काढलं, ते फेडायला दुसरं काढलं. शेवटी वसुलीवाले आले की मी माळ्यावर आणि बायको दारात, "गावाला गेल्यात" म्हणत उभी. एकदा माळ्यावर मला शिंक आली. बायको म्हणाली, "मांजर हाय." वसुलीवाला वर बघून म्हणाला, "मांजराला म्हणावं, औषध घे." तो हसत गेला, मला मात्र खाली उतरायची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी अक्कांचं ऑफिस गाठलं.

ठरल्याप्रमाणे अक्का जेवायला आल्या. साठी ओलांडलेली, ठेंगणी बाई. कपाळावर भस्म, खांद्याला भली मोठी पिशवी. आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. "पीठ कुठल्या गिरणीचं गं? लई बारीक हाय," असं म्हणत डब्यात हात घातला तो कोपरापर्यंत. बायकोचा चेहरा उतरला. हात बाहेर आला तेव्हा त्यात माझ्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली चांदीची लगड होती. अक्कांनी ती झटकून ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "हे चाळायचं राहिलंय वाटतं." मग निवांत बसून दोन भाकरी खाल्ल्या.

हात धुतल्यावर त्या बोलल्या. "तम्मा, नादारीचा अर्ज म्हंजे कोर्टापुढं घर उघडं करणं. हाय ते सगळं लिहायचं. ज्याचं देणं हाय त्या प्रत्येकाचं नाव लिहायचं, सख्खा चुलता असला तरी त्याचंसुद्धा. दडवलंस आणि सापडलं, तर कर्जातनं सुटका लांबच, वर तुरुंग. आणि आता घाईनं बायकोच्या नावावर काय करशील, तर कोर्ट ते उलटं फिरवतंय. हौदल्ला?" हौदल्ला म्हणजे, खरं की नाही. याचं उत्तर त्यांना नको असायचं.

"मग माझ्या वडलांची हत्यारं बी जाणार?" मी विचारलं.

"कारागिराची हत्यारं, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, बाईचं मंगळसूत्र, ह्याला कोण हात लावत न्हाय. पण मशीन बँकेला तारण दिलंयस. ते बँक नेणार. त्याच्यापुढं रडू नगंस." एवढं बोलून त्यांनी पिशवीतून वही काढली. "आता जामीनदार कोण ते सांग."

पतसंस्थेच्या कर्जाला गडमुडशिंगीचे माझे दाजी जामीन होते. मी नादार झालो की तेही सुटले, अशी माझी समजूत. अक्का म्हणाल्या, "तू सुटशील, त्यो न्हाय. तुझ्याकडनं मिळंना म्हटल्यावर पतसंस्था त्याच्याच दारात जाणार. हे त्याला नोटिशीनं कळायला नगं. तू जाऊन सांग. मी येते बघायला."

आम्ही एसटीनं गेलो. दाजी गोठ्यात धार काढत होते. बहिणीनं खुर्च्या मांडल्या. मी वैरणीचं विचारलं, दुधाच्या फॅटचं विचारलं, म्हैस कितवी व्यायली तेही विचारलं. अक्का म्हणाल्या, "तम्मा, म्हशीचं झालं. आता तुझं सांग."

सांगितलं. बहीण उठून आत गेली. दाजींनी दुधाची बादली बाजूला सरकवून ठेवली. मग म्हणाले, "गावातनं कळलं असतं तर ह्या दारात तुला परत उभं केलं नसतं. स्वतः आलास. चहा घे." अक्कांनी तिथंच बसून पतसंस्थेला हप्ते बांधून मागण्याचा अर्ज लिहिला आणि दोन दिवसांनी दाजींसोबत जाऊन तो मंजूर करून आणला. परतताना एसटीत मला म्हणाल्या, "सुटका झाल्यावर दाजी तुझ्याकडं कायद्यानं मागू शकणार न्हाय. पण बहिणीकडं सणाला जायचं असलं तर फेड."

अर्ज दाखल झाला. पिठातली लगड यादीत पहिल्या नंबरवर. कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरनं ती विकून पैसे वाटले. सुटका होईपर्यंत पन्नास रुपये जरी उधार घ्यायचे तरी आपण नादार आहोत हे आधी सांगायचं, असा जुना कायदा. अक्कांना तो फार आवडायचा. ऑफिसखालच्या चहावाल्यासमोर माझा सराव घ्यायच्या. "मोठ्यानं सांग की, त्याला कमी ऐकू येतंय." चहावाल्याला चांगलं ऐकू यायचं. तो म्हणायचा, "पन्नासाच्या आत हाय पावणं, प्या गुमान." निवडणुकीला उभं राहता येणार नाही, हे सांगताना तर त्या म्हणाल्या, "गावावर उपकारच हाय ह्यो."

दोन वर्षांनी सुटकेचा आदेश झाला. वडलांच्या हत्यारांवर मी पुन्हा पैंजण करू लागलो आणि दाजींचे हप्ते त्यांच्या हातात देत गेलो. शेवटचा हप्ता बहिणीनं घेतला, मोजला नाही.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. त्या लिंगायत, त्यांच्यात बसवून समाधी देतात. गळ्यात हार घालून त्या अशा बसल्या होत्या, की आता कुणाची तरी उलटतपासणी सुरू होईल. नंतर आम्ही त्यांच्या दारात मांडलेल्या खुर्च्यांवर टेकलो. तीसेक माणसं होती, कुणी कुणाला ओळखत नव्हतं. अक्कांच्या एका शेजाऱ्यानं पहिल्याला विचारलं, "तुम्ही अक्कांचे कोण?" तो म्हणाला, "लांबचा पावणा." दुसरा म्हणाला, "घरोबा होता." तिसऱ्याचा म्हणे प्लॉटचा दावा होता. मग माझी पाळी आली.

"माझी नादारी त्यांनी चालवली," मी म्हटलं.

लांबच्या पावण्यानं चप्पल पायात सरकवली, काढली, पुन्हा सरकवली.

"माझीबी," तो म्हणाला. त्याच्या मागून आणखी दोघं तेच म्हणाले, आणि प्लॉटवाला आपली खुर्ची उचलून आमच्याजवळ येऊन बसला.