थांबाराव

कारखान्यात काहीही बिघडलं की त्यांच्या तोंडून पहिला शब्द यायचा, ‘थांबा.’ आग लागली असती तरी हा माणूस आधी ‘थांबा’च म्हणाला असता, अशी आमची खात्री होती. खरं नाव दत्तात्रय, राहायला निरवांगीत, हुद्दा कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. पण ते नाव फक्त पगारपत्रकावर. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या त्या साखर कारखान्यात शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना थांबाराव म्हणायचे, आणि तेही या नावाला ओ द्यायचे.

मी वजनकाट्यावर कारकून, आणि मुलखाचा उतावळा. लग्नात पहिली पंगत धरणारा. थांबारावांनी आयुष्यात पहिली पंगत धरली नाही. ‘लोकांचं होऊ द्या,’ म्हणत ते मांडवाच्या कडेला उभे राहायचे आणि शेवटी ताटात जिलेबीचा चुरा यायचा. तो चुराही ते इतक्या चवीनं खायचे की अख्खी जिलेबी खाऊन आपलंच काहीतरी चुकलं, असं मला वाटायचं.

सर्व्हर मंदावला की आम्हाला एकच उपाय ठाऊक होता, बंद करा आणि चालू करा. त्यांना त्या उपायाची मनापासून चीड होती. ‘रडणाऱ्या पोराच्या तोंडात गूळ कोंबल्यागत हाय ते. पोर गप बसतं, पर पोटात काय दुखत हुतं ते कळत न्हाय.’ एवढं महागाचं यंत्र मंदावतंच कसं, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, ‘सैपाकाच्या ओट्यावर जागा हाय तवर बाई झरझर कामं उरकती. ओटा भरला की भांडी माळ्यावर टाकावी लागत्यात. मग एकेका चमच्यासाठी शिडी लावा. मशीनची मेमरी म्हंजे ओटा, आन् डिस्कवरची जादा जागा, स्वॅप, म्हंजे माळा. मशीन आळशी न्हाय, शिडी चढून-उतरून दमतंय.’

ऐन हंगामातल्या एका दुपारी ते असंच दमलं. काट्यावरचा माझा पडदा गोठल्यासारखा झाला आणि बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली. मार्चचं ऊन. बैलांच्या तोंडाला फेस. कारखान्याच्या मोठ्या साहेबांचा फोन आला, ‘रीस्टार्ट करा ताबडतोब!’ मीही तेच ओरडत होतो. थांबाराव काट्यावर आले आणि म्हणाले, ‘थांबा. आत किती गाड्या हायेत?’

हा प्रश्न साधा नव्हता. आमच्याकडे गाडी आधी उसासकट तोलायची, ऊस उतरवला की रिकामी तोलायची. दोन्हींतला फरक म्हणजे तिचं माप. जुन्या प्रोग्रॅममध्ये रिकामं वजन होईपर्यंत भरलेलं वजन पक्कं नोंदलंच जात नसे. मध्येच सर्व्हर बंद केला की ऊस गव्हाणीत पडून चरकात गेलेला आणि माप कुठंच नाही. थांबारावांच्या आधी एकानं असंच बटण बंद केलं होतं. त्या दिवशीच्या तोडकऱ्यांचं दिवसभराचं काम कुणीच मान्य केलं नव्हतं.

एवढ्यात खिडकीशी कौसाबाई आली. मराठवाड्यातून आलेल्या तोडणी टोळीतली, नवऱ्याबरोबर गाडी हाकणारी. त्यांचा ऊस नुकताच उतरला होता. ‘दादा, मागं माझ्या भावाची गाडी उन्हात हाय, बैल बसायला लागलेत. पर आमचं माप आत गेलंय. त्ये घालवू नगा.’

थांबारावांचा चेहरा त्या वेळी मी पाहिला. बंद करावं तर हिचं माप जातं, न करावं तर हिच्याच भावाचे बैल जातात. ते मला म्हणाले, ‘साहेबांच्या मोटारीची शेड मोकळी करा. बैल सोडून तितं बांधायला सांगा.’ मी विचारलं, ‘साहेब काय म्हणतील?’ ‘त्ये मी बघतो.’

मग त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. यंत्र इतकं जड झालेलं की एक कळ दाबली की उत्तर यायला चहा पिऊन व्हावा. तेवढ्या वेळात हे बाहेर जायचे, पाण्याचा पाइप धरून बैलांवर पाणी सोडायचे, ओल्या हातांनी परत येऊन पडदा बघायचे, पुढची कळ दाबायचे आणि पुन्हा बाहेर. शेवटी पडद्यावर दुखणं दिसलं. आज गाळप किती झालं, हा एकच अहवाल शेकडो वेळा उघडून सगळी मेमरी खाऊन बसला होता. साहेबांच्या केबिनमधून. आकडा लवकर येईना म्हणून ते बटण पुन्हा दाबायचे, आणि पुन्हा दाबल्यामुळे तो आणखी उशिरा यायचा.

थांबारावांनी फोन लावला. ‘साहेब, थोडा येळ त्या बटणाला हात लावू नगा. आकडा मीच आणून देतो.’ मग ते अहवाल त्यांनी एकेक करून बंद केले. हळूहळू पडदा हलला, आणि कौसाबाईची रिकामी गाडी काट्यावर चढली. माप पूर्ण झालं. मी साहेबांवर तोंडसुख घ्यायला लागलो, तर थांबारावांनी मलाच दटावलं, ‘काळजीनं दाबत हुता गडी. उगं बोलू नगा.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी भरलेलं वजन लगेच पक्कं नोंदवायची सोय करून टाकली.

पावसाळ्यात थांबाराव गेले. निरवांगीत, पेरूच्या बागेत, उभ्याउभ्या. जन्मभर इतरांना धीर धरायला लावणाऱ्या माणसाला एवढी घाई कसली झाली, म्हणून मला त्यांचा अजून राग येतो. आणि राग येऊन गेला की फार एकटं वाटतं.

हंगाम सुरू झाला आणि कौसाबाईची गाडी काट्यावर आली. तिनं खिडकीतून आत बघितलं. ‘ते दादा दिसनात?’ मी सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. मागचे गाडीवान ओरडत होते, पण तिनं कासरा हलवला नाही.

‘मग आता आमचं माप कोण राखंल?’

आता ते आपोआप राहतं, हे तिला सांगता आलं असतं. मी म्हणालो, ‘मी हाय की.’

तिनं कासरा हलवला. मग ती बैल हाकत आत गेली.