पाणी मोजणाऱ्या बाईचा दुसरा भाग

मी हिंगणघाटला राहते आणि समुद्रपूरला एका कचेरीत कारकून आहे. सोळा वर्षं झाली, रोजचं अप-डाउन. सकाळची एसटी, जमली तर खिडकी, आणि हातात पुस्तक. माझं बहुतेक सगळं वाचन या रस्त्यावर झालं आहे. त्यामुळे कादंबऱ्यांतली माणसं मला वणा नदीच्या पुलापाशी भेटलेली आठवतात, जामच्या चौरस्त्यावर दुरावलेली आठवतात. कुठल्या पुस्तकात कोण गेलं हे मी विसरते. ते कुठल्या वळणावर गेलं, हे मात्र विसरत नाही.

मला नवी पुस्तकं लागतात. जुनी थोर असतात, त्यांचा मान ठेवून सांगते; पण त्यांचे शेवट आधीच कुणीतरी कानावर घातलेले असतात. नव्या कादंबरीत मी पहिल्यांदा शेतात उतरल्यासारखी जपून चालते. अलीकडची बरीच पुस्तकं मधूनच सुरू होतात, कोण कुणाचा कोण हे चाळीस पानं कळत नाही, आणि मला ते आवडतं. एसटीतही असंच असतं. आपण चढतो तेव्हा कुणाचं तरी भांडण अर्धं झालेलं असतं.

आणि त्याहून मला ओढ असते ती न आलेल्या पुस्तकांची. फोनवर एखादं मुखपृष्ठ येतं, खाली ‘लवकरच’ असं लिहिलेलं. मग दोन-तीन महिने ती कादंबरी मी मनातच वाचत असते. एकदा एका येऊ घातलेल्या पुस्तकावर निळ्या भिंतीला टेकवलेली सायकल होती. ते पुस्तक येईपर्यंत त्या सायकलवरून एक पोस्टमन गेला, एक म्हातारा शिंपी गेला, नवऱ्यावर रुसलेली एक बाई गेली. पुस्तक आलं, आणि त्यात सायकल कुठेच नव्हती. तरी ते कपाटात दिसलं की मला घंटी ऐकू येते.

दीड-दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, दिवाळी होऊन गेल्यावर, मी एक जाड कादंबरी वाचत होते. नदीवर पाण्याची पातळी मोजायची नोकरी करणाऱ्या एका बाईची. ती रोज तीनदा पुलाखाली उतरते, खांबावरचे आकडे बघते, वहीत लिहिते. बस्स, एवढंच तिचं काम. लिहिणाऱ्याने नदीचं नाव दिलं नव्हतं, म्हणून मी तिला वणेच्या काठावर आणून ठेवलं होतं. सकाळी धुकं असलं की पुलावरून जाताना मी खाली बघायची. कधी खांबाजवळ काही हललं तर मी काचेला कपाळ टेकवायची. बगळा असायचा.

गावाबाहेर दहा मिनिटांवर एक फाटा आहे. तिथून एक मावशी चढायला लागली होती. साठीच्या घरातली, नऊवारी, हातात दोन कप्प्यांचा डबा. माझ्या शेजारची जागा तिची ठरून गेली. तिच्या मुलीला समुद्रपूरला दिलेलं होतं. मुलीला दिवस गेले होते आणि डॉक्टरने खाटेवरून उठू नको म्हणून सांगितलं होतं. जावयाच्या घरी दुसरं बाईमाणूस नव्हतं. म्हणून मावशी सकाळी यायची, स्वयंपाकपाणी करून दुपारच्या गाडीने परत जायची. स्वतःच्या वावरात कापूस फुटलेला, वेचायला बाया सांगितलेल्या, त्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार, हे ती खिडकीबाहेर बघत स्वतःशीच बोलायची.

चौथ्या-पाचव्या दिवशी तिने माझ्या पुस्तकात डोकावलं.

“अभ्यासाचं हाय का बाई?”

“नाही मावशी, गोष्ट आहे.”

“एवढी मोठी गोष्ट?” तिने पुस्तकाची जाडी दोन बोटांत धरून पाहिली. “काय हाय त्याच्यात?”

मी थोडक्यात सांगितलं. एक बाई आहे, ती नदीचं पाणी मोजते. मावशी ऐकत राहिली. समुद्रपूर आलं. उतरताना म्हणाली, “उद्या पुढचं सांगजो.”

असं ते सुरू झालं. मी आदल्या संध्याकाळी परतीच्या गाडीत पुढची पानं वाचायची आणि सकाळी तिला सांगायची. सांगताना कळायचं की पुस्तकात काय नाही. मावशीचे प्रश्न निराळे होते. “थे पाणी मोजाले जाते तवा घरी चूल कोन पाह्यते?” “तिले कोनी शेजारीण नाई का?” एकदा मी तिला चार पानांचा एक विचार सांगितला, नदी आणि काळ असं काहीतरी होतं, फार सुंदर लिहिलेलं. ती ऐकून म्हणाली, “बरं हाय. पन त्या दिवशी जेवली का नाई थे?”

मी पानं उलटून पाहिली. जेवली नव्हती. तीन दिवस कुणीच जेवलं नव्हतं त्या कादंबरीत. तेव्हापासून कुठलंही नवं पुस्तक वाचताना माणसांची जेवणं माझ्या नजरेला पडतात. हल्लीच्या कादंबऱ्यांत चहा फार पितात, कॉफी त्याहून जास्त. भाकरी थापणारा हात क्वचित दिसतो. यात लिहिणाऱ्यांची चूक आहे असं मला म्हणायचं नाही. पण मावशीने मला बघायला लावलं.

कादंबरीतल्या बाईला एक बहीण होती. वीस वर्षांपूर्वी दोघींचं काहीतरी बिनसलं होतं, काय ते सांगितलेलं नव्हतं. शेवटच्या प्रकरणात पाणी मोजायची ती जागाच सरकार बंद करतं, आणि त्याच दिवशी बहिणीचं पत्र येतं. बाई पत्र घेऊन पुलावर उभी राहते. पाकीट बंद. पान संपतं. त्याखाली बारीक अक्षरांत होतं: दुसरा भाग लवकरच.

“मंग?” मावशी म्हणाली.

“एवढंच आहे. पुढचा भाग यायचा आहे.”

“कवा?”

“लवकरच म्हणतात. वर्ष लागेल, दोन लागतील.”

मावशीला ते पटलंच नाही. “चिठ्ठी फोडली का नाई तिनं, एवढं तं सांगा लागन ना त्यानं! मानसाले असं पुलावर उभं करून कोनी जाते का?”

मला हसू आलं. पण ती हसत नव्हती. दोन दिवस ती मला त्याच गोष्टीवर टोकत राहिली. मी तिला दुसरी एक नवी कादंबरी सांगायला घेतली, शहरातल्या एका इमारतीची, तर तिचं लक्ष लागेना. तिसऱ्या दिवशी जाम मागे पडल्यावर ती आपणहून बोलू लागली.

तिची धाकटी बहीण तळेगावला दिलेली होती, श्यामजी पंतांच्या तळेगावला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. अकरा वर्षांपूर्वी त्यांची आई गेली. घरात गर्दी, रडारड. मावशीला वाटलं भावाने निरोप धाडला, भावाला वाटलं मावशीने. निरोप पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. बहीण आली, दारातच उभी राहिली, राखेला हात लावून परत गेली. त्यानंतर बोलणं नाही. मधे एकदा तळेगावकडच्या एका सोयऱ्याजवळ बहिणीने सांगून पाठवलं होतं, “तिले म्हना, एकदा येऊन जाय.”

“मग गेल्या नाही तुम्ही?” मी विचारलं.

“कोन्या तोंडानं जाऊ? आन एवढ्या दूर.” तिने डबा मांडीवर नीट केला. मग म्हणाली, “तुह्या पुस्तकातली बाई फोडन थे चिठ्ठी. मले वाटते, फोडन.”

त्यानंतर मावशी दोन दिवस गाडीला नव्हती. मला वाटलं, मुलीचं काही झालं असेल. फाटा आला की मी मान लांब करून बघायची. धुक्यात बाया उभ्या असायच्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या, आणि प्रत्येक बाई क्षणभर तीच वाटायची. त्या दिवसांत मी वाचलं काहीच नाही. पुस्तक मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले, दोन्ही बाजूंना कापसाची वावरं पांढरी पांढरी मागे जात होती. त्या गुंगीत पाणी मोजणारी बाई आणि मावशी एकमेकींत मिसळून गेल्या. पुलावर मावशी उभी आहे, तिच्या हातात डबा आहे, डब्यात पत्र आहे, असं काहीबाही दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी ती चढली. हातात डबा होता, शिवाय एक थैली. थैली तिने माझ्या मांडीवर ठेवली. संत्री होती.

“तळेगावची हाय,” ती म्हणाली.

शेजारणीला दोन दिवस मुलीकडे पाठवून ती एकटी निघाली होती. आधी वर्धा, मग आर्वी, तिथून तळेगाव. पोचली तर बहिणीच्या घराला कुलूप. शेजारच्यांनी सांगितलं, बाजारात गेली. बाजारात ही तिला शोधत फिरली आणि ती लसणाच्या ढिगासमोर बसलेली दिसली, घासाघीस करत.

“म्या ओयखलीच नाई पह्यले. केस समदे पांढरे झाले तिचे. थे लसून निवडून राह्यलती. म्या जवळ जाऊन बसली. तिनं पाह्यलं. लय वेळ पाह्यलं.”

“काय म्हणाली?”

“म्हने, एकटीच आली का? म्या म्हनलं, हो. तं म्हने, हे घे, हे अर्धे तू निवड.”

मावशीने लसूण निवडला. मग दोघी घरी गेल्या. आईचा विषय रात्री जेवताना निघाला, तोही आईच्या हातच्या भाजीवरून. निरोपाचं कुणीच काढलं नाही. हे सांगताना मावशी रडत नव्हती. संत्रं सोलून फोडी माझ्या हातावर ठेवत होती. पुढच्या बाकावरच्या बायांनाही तिने दिली. सगळ्या गाडीत सालीचा वास समुद्रपूर येईपर्यंत भरून राहिला होता.

फेब्रुवारीत तिच्या मुलीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. महिनाभराने मुलगी माहेरी आली आणि मावशीचं रोजचं गाडीने येणं थांबलं. माझ्या शेजारी कधी कुणी, कधी कुणी बसू लागलं.

दुसरा भाग एप्रिलच्या शेवटी आला. मी तो घरी, एका रविवारी, पंख्याखाली बसून सलग वाचला. रस्त्याशिवाय वाचलेलं ते माझं पहिलंच पुस्तक असेल. कादंबरी तीस वर्षं पुढे गेली होती. बाई म्हातारी झालेली, नदीवर धरण झालेलं. मी पान न् पान त्या पत्राची वाट बघत होते. दोनशे पानांनंतर ते एका ओळीत आलं. एका पुरात घरात पाणी शिरलं, त्यात पेटीतली कागदपत्रं गेली, न फोडलेलं ते पाकीटही गेलं. एवढंच. पुढच्या ओळीत लिहिणारा धरणाच्या दारांविषयी बोलत होता.

मला राग आला. एवढं थांबायला लावून हे? पुस्तक बाजूला टाकलं. पण तीन-चार दिवसांनी भांडी घासताना, कचेरीत शिक्के मारताना ती ओळ माझ्या मनात उमटू लागली. ते पाकीट पाण्याखाली कुठेतरी अजून बंदच पडलं आहे असं वाटायचं. आता त्या पुस्तकाविषयी माझं मत विचाराल तर मी चांगलंच सांगेन. तेव्हा मला एकच काळजी होती, हे मावशीला कसं सांगायचं.

मे महिन्यात एका सुट्टीला मी फाट्यावर उतरले. पायी पंधरा मिनिटं. ऊन चढायला लागलं होतं. घर शोधावं लागलं नाही. मावशी अंगणातल्या मांडवात बसली होती, समोर कणकेचा गोळा. सरगुंडे चालले होते. कणकेची बारीक दोरी काडीवर गुंडाळायची आणि वाळवायची, उन्हाळ्यात आमच्याकडे घरोघर करतात. तिच्यासमोर पांढऱ्या केसांची एक बाई भराभर काड्या भरत होती. मला कुणी सांगावं लागलं नाही.

“हे थे गोष्टवाली बाई,” मावशीने तिला सांगितलं. बहिणीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बसायला पोतं सरकवलं. पंधरा दिवसांसाठी आली होती. नात पाळण्यात झोपलेली, मुलगी आत ताक घुसळत होती.

पिशवीतलं पुस्तक मी बाहेर काढलं नव्हतं, तरी मावशीने ओळखलं. “आला का दुसरा भाग?”

“आला.”

“मंग? फोडली?”

खोटं सांगावं असं क्षणभर मनात आलं. फोडली म्हणावं, बहिणी भेटल्या म्हणावं, कुणाचं काय जातं. पण मांडवात त्या दोघी समोर बसल्या होत्या आणि मला ते जमलं नाही. मी खरं सांगितलं. तीस वर्षं पेटीत राहिली आणि पुरात गेली, न फोडताच.

मावशीचा हात थांबला. “वाचल्याबिगर?”

“हो.”

“तीस वर्षं पेटीत ठेवली आन वाचल्याबिगर गेली?” ती माझ्याकडे अशी पाहत होती, जणू मीच ते केलं होतं. “काऊन असं लिवलं त्यानं?”

बहीण मात्र हसली, काडी न थांबवता. “काय लिवलं होतं त्या चिठ्ठीत, थे त्याले तरी मालूम असन का? नसन मालूम, म्हनून देली पान्यात टाकून.”

मावशीने काडी पुन्हा हातात घेतली. “असन बा,” ती म्हणाली, पण तिचं समाधान झालं नव्हतं, आणि मला वाटतं अजून झालेलं नाही.

मग मुलीने ताक आणलं. बहीण मला विचारू लागली की आणखी कोणती पुस्तकं येऊन राहिली आहेत. पावसाळ्यात एक येणार आहे, मी सांगितलं, कापसाच्या एका जिनिंगमधल्या रात्रपाळीची; फोनवर नुसतं चित्र आलं आहे, धूर आणि एक खिडकी. ती म्हणाली, चित्र दाखव. दोघी फोनवर वाकल्या. खिडकीत कोण असेल यावर त्यांचा वाद सुरू झाला, आणि मधेच मावशीने कणकेचा एक तुकडा तोडून माझ्या हातात दिला. माझी दोरी दोनदा तुटली. तिसऱ्यांदा काडीवर चढली, जाड-बारीक कशीही. माझी परतीची दुपारची गाडी निघून गेल्याचा आवाज रस्त्यावरून आला. कुणी उठलं नाही.