जावेच्या घरचा टोस्ट

सासूबाई कवळी बसवून घ्यायला आठ दिवसांसाठी म्हणून ठाण्याला धाकट्या जावेकडे गेल्या, त्याला आता तेवीस दिवस झाले होते. दातांचे डॉक्टर जावेच्या सोसायटीसमोरच बसतात. ठाकुर्लीहून सारखी ये-जा करणं सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपलं नसतं, म्हणून हा बेत मीच सुचवला होता. बॅगही मीच भरली होती. त्या बॅगेतले कपडे आता जावेच्या कपाटात लागले होते. हे मला कोणी सांगितलं नाही. तिने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला, त्यात पलंगामागचं कपाट उघडं होतं आणि हँगरला सासूबाईंची जांभळी साडी लटकत होती. मी बोटांनी फोटो मोठा करून ती पाहिली.

फोटो साडीचा नव्हता, टोस्टचा होता. सासूबाई पलंगावर बसलेल्या, मांडीवर बशी, बशीत सोनेरी कडांचा टोस्ट. वर अननसाच्या आणि सफरचंदाच्या चकत्या, त्यांच्यावर वितळलेलं चीज. खाली जावेने लिहिलं होतं, "आईंचा आजचा दुसरा! एअर फ्रायर झिंदाबाद!" दिराने अंगठा दाखवला होता. माझ्या नवऱ्यानेही दाखवला होता. मी मात्र फोन उलटा ठेवला आणि वरणाला फोडणी दिली. मोहरी जळली.

राग यायचं कारण असं, की आमच्याकडे याच बाई गेले सहा महिने काही खात नव्हत्या. दात काढल्यापासून मी त्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक करत होते. मऊ भात, मुगाची खिचडी, घोटलेला भोपळा, दुधात कुस्करलेली पोळी. कल्याणच्या एका शाळेच्या कार्यालयात मी काम करते. सकाळी निघण्याआधी हे सगळं करून, झाकून, टेबलावर ठेवून जायचे. संध्याकाळी यावं तर निम्मं तसंच.

"आई, जेवला नाहीत?"

"जेवले गं. भूकच नव्हती फार."

आणि तिकडे एका दिवसात दोन टोस्ट.

सासूबाईंवर माझा जीव आहे, तो उगाच नाही. मी शहापूरकडच्या शाळेत शिकले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. लग्न झालं तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि पुस्तकं माहेरीच ठेवून आले होते, कारण पुढे शिकायचं असतं हे नव्या सुनेने कोणत्या तोंडाने म्हणायचं? सासूबाईंनीच एके दिवशी विचारलं, "तुझी पुस्तकं कुठायत?" म्हटलं, माहेरी. "मग घेऊन ये की. का रद्दीत द्यायचीत?" त्या स्वतः चौथी शिकलेल्या. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला रोज माझ्याबरोबर केंद्रावर आल्या आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर डबा घेऊन बसल्या. पदवीच्या कागदावर माझं नाव आहे, पण तो कागद मी अजूनही त्यांचाच समजते.

तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं, की माझी नोकरी लागली की यांना ओट्याजवळ उभं राहू द्यायचं नाही. आयुष्यभर केलं, आता त्यांनी बसून खायचं. दीड वर्षापूर्वी त्या गॅसवर दूध विसरल्या आणि पातेलं करपलं, त्यानंतर तर मी त्यांना चहासुद्धा करू दिला नाही. शेजारीपाजारी म्हणायचे, "सून असावी तर अशी." मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू.

जाऊ माझ्या अगदी उलट. इंग्रजी शाळेत शिकलेली, मोठ्या कंपनीत कामाला, सकाळी नऊला लॅपटॉप घेऊन बाहेर. तिच्या घरी फ्रिजमध्ये परवाची भाजी असते आणि त्याचं तिला काही वाटत नाही. स्वभावाने चांगली आहे, हे जास्त अवघड. वाईट असती तर मी निदान तिला मोकळेपणी नावं ठेवली असती.

त्या दिवशी दुपारी मी फोन केला.

"अगं, काय सांगू," सासूबाई म्हणाल्या, "असा कुरकुरीत होतो! तेलाचा थेंब नाही. नुसता वारा."

"वाऱ्याने पोट भरतं का, आई? आणि चीज रोज खाऊ नये. बीपीच्या गोळ्या घेताय ना?"

"घेते गं. तू पण ना! घासाघासाला आडवी येतेस."

"मग कधी येताय?"

"बघू. डॉक्टर म्हणाले, कवळी अजून जरा घासायला लागेल."

त्या 'बघू'ने माझा दिवस गेला. संध्याकाळी नवरा म्हणाला, "राहू दे की तिला. तिथे लिफ्ट आहे, खाली बाग आहे. भाऊ म्हणत होता, आईला कायमचीच ठेवून घेतो."

"कायमची?"

"म्हणाला तसं. आईलाही बरं वाटतंय तिथे."

भांडी घासताना माझ्या मनात आलं, एकदा त्या टोस्टने पोट बिघडू दे. थोडंसंच. मग आपोआप इकडची खिचडी आठवेल. हे मनात आल्याची लाज वाटली, पण ते येऊन गेलं हे खरं.

आमच्या शेजारच्या काकूंना त्यांच्या मुलाने एअर फ्रायर पाठवला होता. तो दिवाळीपासून पलंगाखाली खोक्यातच होता. मी मागितल्यावर त्या म्हणाल्या, "ने बाई, ने. मला त्या बटणांची भीती वाटते. आणि परत नाही दिलास तरी चालेल." शनिवारी मला सुट्टी होती. मी तो ओट्यावर मांडला, पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली, अधोरेखित करायची सवय आहे म्हणून पेन्सिलही घेतली. जावेला कृती विचारायचा प्रश्नच नव्हता. तिला फोन करून "कसा करतेस गं?" म्हणण्यापेक्षा मी उपाशी राहिले असते.

फळं मात्र मी माझ्या पद्धतीने घेतली. आमच्याकडे फळं कापली की त्यांना साखर लावून झाकून ठेवायची, शिकरणाची सवय. केळं, अननस, सफरचंद, सगळ्याला साखर लावली आणि अंघोळीला गेले. येऊन बघते तर वाडग्यात पाणीच पाणी. तेच ब्रेडवर पसरलं, वर चीजची चकती ठेवली, मशीनची टोपली आत ढकलली आणि बटण दाबलं. आतून फडफड ऐकू आली. काचेतून पाहिलं तर वाऱ्याने चीजची चकती उडून वर तापलेल्या सळईला चिकटली होती आणि तिथे धूर सोडत होती. खाली ब्रेडचा लगदा.

नवरा वासाने आत आला. "काय करतेयस? होळी?"

"टोस्ट."

त्याने टोपलीत डोकावून पाहिलं. "हा टोस्ट? याची तर खीर झालीय."

"हसू नकोस हं."

"अगं, तिला सरळ विचार ना. घरातलीच आहे ती."

"मला नाही विचारायचं."

त्याने टोपली खाली ठेवली. "तुला टोस्ट हवाय की आई?" त्याने विचारलं. मी ओल्या फडक्याने ओटा पुसत राहिले.

रविवारी सकाळी आम्ही दोघं ठाण्याला गेलो. मी मनात पक्कं केलं होतं, आज त्यांना घेऊनच यायचं. त्यांच्या आवडीची खिचडीही डब्यात घेतली होती, वर तूप सोडून. जाताना रस्ताभर काय बोलायचं ते मी जुळवत होते. 'आई, घर सुनं वाटतं,' असं काहीतरी.

दार जावेने उघडलं. ती अजून रात्रीच्याच कपड्यांत, केस वर बांधलेले. "वहिनी! या या. बसा, पाच मिनिटांत टोस्ट येतायत."

ती आमच्याबरोबरच सोफ्यावर बसली. मला नवल वाटलं. ही इथे, दीर गॅलरीत पेपर वाचतोय, मग टोस्ट करतंय कोण? तेवढ्यात आतून खाटकन सुरी आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ सासूबाईंचा, "कोण गं, आले का? बसा. माझे हात भरलेत, मी बाहेर येत नाही."

मी उठून आत गेले. सासूबाई ओट्यापाशी उंच स्टुलावर बसल्या होत्या. कवळीमुळे गाल पुन्हा भरलेले. समोर पंच्यावर अननसाच्या आणि सफरचंदाच्या पातळ चकत्या मांडल्या होत्या आणि त्यांच्यावर दुसरा पंचा हलक्या हाताने दाबत त्या एकेक टिपत होत्या. अगदी लोणच्याच्या फोडी टिपाव्यात तशा.

"फळाला पाणी ठेवलं की संपलं," माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या. "ही आधी ओलीच घालायची. चिखल व्हायचा नुसता. मी म्हटलं, अगं, कैरीची फोड तू अशी बरणीत घालशील का?"

"मला काय माहीत, आई, मी कुठे लोणचं घातलंय कधी!" जाऊ बाहेरून ओरडली.

"ते दिसतंच." मग मला, "ब्रेड आधी नुसता कडक करून घ्यायचा. मग लोणी, मग फळ, जरा मिरपूड आणि जिरेपूड. चीज किसून घालायचं. चकती घातली तर उडते."

"हो," मी म्हटलं. "उडते."

आता त्यांनी वर पाहिलं. "तू केलास?"

मी मान हलवली. त्या ओठ दाबून हसल्या. चीज किसून त्यांनी टोस्ट मशीनमध्ये ठेवले, एका बोटाने दोन बटणं दाबली आणि आकडा बघत बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी गेल्या दीड वर्षात पाहिलं नव्हतं.

टोस्ट झाले. त्यांनी ते सुरीने पट्ट्या पट्ट्या करून कापले, तुकडा तोंडात घातला, आणि कुर्रकन आवाज आला. मीही खाल्ला. खाली करकरीत, वर अननस गरम आणि आंबटगोड, त्यात चीजचा खारटपणा. चांगला होता. चांगला आहे असं म्हणणं मात्र जिवावर आलं.

मी डबा काढला. "खिचडी आणलीय, आई. मऊ."

त्यांनी झाकण उघडून पाहिलं आणि पुन्हा लावलं. "अगं, मऊ भात कवळीखाली जाऊन बसतो. लगदा होतो. बोट घालून काढावा लागतो. दात नव्हते तेव्हा गिळायचे, पण रोज तेच तेच नको व्हायचं."

"मग सांगायचं होतंत ना."

"तू एवढं करून ठेवून जायचीस. काय सांगायचं?"

मी जुळवून आणलेलं वाक्य तेव्हा म्हणायला हवं होतं. त्याऐवजी तोंडातून भलतंच आलं. "इथे काय, रोज असं कामाला लावतात तुम्हाला?"

जावेने नक्की ऐकलं असणार. सासूबाईंनी सुरी खाली ठेवली.

"कामाला कोणी लावत नाही. ही नऊला जाते. जाताना बटणं शिकवून गेली आणि म्हणाली, आई, यात आग नाही, हवं ते करून खा. बस. दिवसभर ओटा माझा." मग त्या म्हणाल्या, "तुझ्याकडे मी पाहुणी आहे गं. देवासारखं ठेवतेस. वेळेवर नैवेद्य. पण देव कुठे भूक लागली म्हणतो?"

मला रडू आलं. त्याहून जास्त राग आला, आणि तो नेमका कोणावर ते कळेना. पंधरा वर्षं मी ज्यांच्यासाठी राबले त्यांना जावेने दोन बटणं दाखवली आणि जिंकलं. तेही ऑफिसला जायची घाई होती म्हणून! मी मुद्दाम केलेलं त्यांना बोचलं आणि तिने नकळत केलेलं गोड लागलं. हा हिशेब मला आजही पटत नाही.

"आई," मी म्हटलं, "घरी चला ना."

"येते म्हटलं तर?"

"तर काय?"

"तर सकाळचा ओटा माझा. तू उठून आंघोळ कर, पेपर वाच, काही कर. पण मागे उभी राहून 'आई, राहू द्या' म्हणायचं नाही."

"आणि गॅस?"

"गॅसला हात लावणार नाही. शेजारणीचं मशीन आहे ना तुझ्याकडे?"

नवऱ्यानेच सांगितलं असणार. मी 'बरं' म्हटलं. म्हणताना मला माझा ओटा, माझे डबे, माझ्या हाताच्या सवयीने लावलेल्या बरण्या डोळ्यांसमोर आल्या. जाऊ आत आली आणि त्यांच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "जाऊ नका ना, आई. आता माझा नाश्ता कोण करणार?" त्यांनी तिच्या गालाला लोण्याचा हात लावला. तो हात तिथे जरा जास्तच वेळ राहिला, असं मला वाटलं.

आज त्यांना येऊन चार दिवस झाले. सकाळी सात वाजता मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसते. आत सुरीचा आवाज येतो, झाकणं आपटतात, काहीतरी सांडतं. माझ्या स्वयंपाकघरात मी सोडून सगळं आहे. पेपरचं एकच पान समोर असतं. त्या परत आल्या याचा आनंद मला झाला आहे, तो खराच आहे. पण आत जे चाललंय त्यात मी नाही, आणि ठाण्याला फोन करून त्या मोठमोठ्याने सांगतात, "आज पेअरच्या चकत्या घातल्या गं, फक्कड झाला!" तेव्हा माझं लक्ष पूर्ण तिकडे असतं.

आज सकाळी आतून हाक आली. "अगं, किसणी कुठे ठेवलीस?"

मी ताडकन उठले.

"नुसतं सांग. येऊ नकोस."

"दुसऱ्या खणात," मी उभ्या उभ्याच म्हटलं. "डाव्या बाजूला. झाऱ्याच्या खाली."

खण उघडला, बंद झाला. मी पुन्हा खाली बसले.