एका मताचा फरक

"आमचा मतदारसंघ बंद पडला, मी अजून चालू आहे!" असं म्हणत ते कुंपणावरून वही पुढे करायचे.

लंडनच्या हाउन्सलो भागात आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे हे आयरिश गृहस्थ. विमानतळावर सामान चढवण्याच्या कामातून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मूलबाळ नाही. त्यांच्या आयर्लंडमधल्या गावाला एके काळी लंडनच्या पार्लमेंटात स्वतःचा खासदार होता. पुढे तो मतदारसंघच रद्द झाला. त्याचा इतिहास ते त्या वहीत लिहीत होते. वाचक मी एकटा.

त्या काळी मतदान गुप्त नसे. जमीनदाराच्या माणसांदेखत उमेदवाराचं नाव मोठ्यानं सांगायचं, कारकून ते नावानिशी लिहून घ्यायचा. त्यांचे खापरपणजोबा जमीनदाराच्या उमेदवाराविरुद्ध बोलले आणि घराला मुकले, ही गोष्ट मी निदान दहा वेळा ऐकली असेल. असा एखादा शेजारी तुम्हालाही भेटला असेल.

२००५च्या निवडणुकीत आम्ही बरोबरच मत द्यायला गेलो. कागद पेटीत टाकून त्यांनी उमेदवाराचं नाव खणखणीत उच्चारलं.

"सर, प्लीज!" मतदान केंद्रावरची बाई दचकली.

"घाबरता कशाला? आता मला कोण घराबाहेर काढणार?"

"अहो, यांच्याबरोबर जात जाऊ नका," घरी माझी बायको मराठीत म्हणाली आणि त्यांच्या चहात साखर एक चमचा जास्त घातली.

त्या हिवाळ्यात त्यांनी जुन्या नोंदीवरून उतरवलेली मतदारांची यादी आणली. "तुम्ही हिशेबात पक्के. बेरीज बघा."

मी तीनदा मोजलं. नोंदीतल्या एकूण आकड्यापेक्षा जमीनदाराच्या बाजूला एक नाव कमी भरत होतं.

"एक राहिलंय."

त्यांनी वही मिटली. "राहिलं नाही. मी गाळलंय. खापरपणजोबांचं. घर गेलं ते भाडं थकलं म्हणून."

"मग आता?"

"तुमच्याशिवाय कुणाला कळणार आहे?"

"पण बेरीज जुळत नाही," मी म्हणालो. एवढंच म्हणालो.

त्यानंतर ते कुंपणापाशी आले नाहीत. मीही गेलो नाही. मार्चमध्ये ते हॉस्पिटलात वारले. घर आवरायला आलेल्या भाच्यानं वही माझ्या हातात दिली. वर माझं नाव होतं.

यादीच्या शेवटी एक ओळ वाढली होती: खापरपणजोबांचं नाव, पुढे जमीनदाराच्या उमेदवाराचं. त्याखाली बारीक अक्षरात, "घरात पाच मुलं होती."

मी पुन्हा मोजलं. जुळलं.

मग कुंपणापाशी जाऊन ती ओळ मोठ्यानं वाचली. पलीकडे कुणी नव्हतं.